इंग्रजी आत्मवाचक सर्वनामे

इंग्रजी आत्मवाचक सर्वनामे म्हणजे इंग्रजी भाषेतील 'सेल्फ' किंवा 'सेल्व्ज' या घटकाने शेवट होणारी सर्वनामे होत. मायसेल्फ, युअरसेल्फ, हिमसेल्फ, देमसेल्व्ज ही त्यांची उदाहरणे. क्रियेचा कर्ता आणि तिचे कर्म एकच असेल तेव्हा कर्माच्या जागी ही सर्वनामे येतात. एखाद्या नामावर किंवा सर्वनामावर जोर देण्यासाठीही त्यांचा उपयोग होतो. पहिल्या उपयोगास आत्मवाचक व दुसऱ्यास दृढतावाचक उपयोग म्हणता येईल. रूपे दोन्हींसाठी तीच आहेत.

मराठीत हे काम प्रामुख्याने 'आपण' आणि 'स्वतः' ही सर्वनामे करतात. मराठी व्याकरणात परंपरेने मानल्या जाणाऱ्या नऊ मूळ सर्वनामांत या दोहोंचा समावेश होतो. अर्थाने जवळ असूनही दोन्ही भाषांतील नियम भिन्न आहेत. 'आपण' हे गौण वाक्याची सीमा ओलांडून मुख्य वाक्याच्या कर्त्याकडे निर्देश करू शकते. इंग्रजी आत्मवाचक सर्वनामास ती मुभा नाही. मराठी भाषकांच्या इंग्रजीतील काही चुका केवळ शैलीच्या असतात, परंतु या भेदातून होणारी चूक वाक्याचा अर्थच बदलून टाकते. म्हणून तिचा विचार या लेखात अधिक विस्ताराने केला आहे.

## रूपे

| पुरुष | एकवचन | अनेकवचन |
|---|---|---|
| प्रथम | मायसेल्फ | अवरसेल्व्ज |
| द्वितीय | युअरसेल्फ | युअरसेल्व्ज |
| तृतीय | हिमसेल्फ, हरसेल्फ, इटसेल्फ | देमसेल्व्ज |

याखेरीज कोणा एका व्यक्तीस उद्देशून नसलेल्या सर्वसाधारण विधानांत 'वनसेल्फ' हे रूप येते. शब्दकोशात क्रियापदांच्या नोंदी देताना हेच रूप वापरले जाते. 'दायसेल्फ' हे द्वितीयपुरुषी जुने रूप आता धार्मिक व जुन्या वाङ्मयापुरतेच उरले आहे. ही सर्व रूपे एकसंध लिहावयाची असतात; 'माय' आणि 'सेल्फ' असे तोडून लिहिणे आजच्या लेखनात अशुद्ध समजले जाते.

मराठीतील 'स्वतः' हा शब्द पुरुष, लिंग व वचन यांनुसार बदलत नाही. 'मी स्वतःला विचारले', 'तिने स्वतःला विचारले' आणि 'त्यांनी स्वतःला विचारले' या तिन्ही वाक्यांत 'स्वतःला' हेच रूप आहे. इंग्रजीत मात्र या तीन ठिकाणी मायसेल्फ, हरसेल्फ व देमसेल्व्ज अशी तीन वेगळी रूपे योजावी लागतात. सर्वनाम नेहमी संपूर्ण कर्तृपदाशी जुळते, त्याच्या लगतच्या शब्दाशी नव्हे. 'सीमाच्या वडिलांनी स्वतःला दोष दिला' याचे इंग्रजी 'सीमाज फादर ब्लेम्ड हिमसेल्फ' असे होईल. कारण दोष देणारे वडील आहेत, सीमा नव्हे. कर्ते दोन असून त्यांत वक्ता असेल तर अवरसेल्व्ज येते. वक्ता नसून श्रोता असेल तर युअरसेल्व्ज येते.

आदरार्थी अनेकवचन हे मराठी भाषकांना चकवणारे स्थान आहे. 'गुरुजी, तुम्ही स्वतःला त्रास करून घेऊ नका' या वाक्यातील 'तुम्ही' रूपाने अनेकवचनी असले तरी व्यक्ती एकच आहे. त्यामुळे येथे युअरसेल्फ हवे, युअरसेल्व्ज नव्हे. इंग्रजीतील 'यू' हे सर्वनाम एकवचनी की अनेकवचनी हे रूपावरून कळत नाही. ते सांगण्याचे काम आत्मवाचक रूपच करते. तृतीयपुरुषातही असेच होते. १९०८ साली राजद्रोहाच्या खटल्यात लोकमान्य टिळकांनी स्वतःचा बचाव स्वतःच मांडला. मराठीत 'त्यांनी' असे म्हटले, तरी इंग्रजीत 'टिळक डिफेन्डेड हिमसेल्फ' असेच लिहावे लागते. तेथे देमसेल्व्ज वापरल्यास वाचकास एकाहून अधिक आरोपी होते असे वाटेल.

## ऐतिहासिक विकास

जुन्या इंग्रजीत स्वतंत्र आत्मवाचक सर्वनामे नव्हती. साधे पुरुषवाचक सर्वनामच ते काम करी, आणि 'सेल्फ' हे केवळ जोर देणारे विशेषण होते. त्यामुळे 'त्याने त्याला लपवले' अशा घडणीच्या वाक्यात लपणारा व लपवणारा एकच की भिन्न, हे संदर्भावरून ठरवावे लागे. हा संदेह टाळण्यासाठी सर्वनामापुढे 'सेल्फ' जोडण्याची प्रवृत्ती वाढली आणि मध्ययुगीन इंग्रजीच्या काळात हे जोडशब्द स्थिरावत गेले.

या जडणघडणीत एक विसंगती शिल्लक राहिली. काही रूपांत 'सेल्फ' हे नाम समजले जाऊन त्याच्या आधी 'माय', 'युअर', 'अवर' ही षष्ठ्यर्थी रूपे आली. तृतीयपुरुषात मात्र 'हिम' आणि 'देम' ही कर्मरूपे टिकून राहिली. 'हर' दोन्ही अर्थांनी सारखेच असल्याने तेथे प्रश्न उद्भवला नाही. या विसंगतीमुळेच काही इंग्रजी बोलींत 'हिजसेल्फ' व 'देअरसेल्व्ज' ही रूपे आढळतात. तर्काने पाहता तीच अधिक नियमित आहेत, परंतु प्रमाण लेखनात ती अशुद्ध ठरतात. 'सेल्व्ज' ही अनेकवचनी रूपे सोळाव्या शतकात रूढ झाली.

जुन्या पद्धतीचे अवशेष आजही दिसतात. अमेरिकेच्या दक्षिणेकडील बोलींत 'मी स्वतःसाठी मोटार घेतली' या अर्थी 'आय बॉट मी अ कार' असे म्हटले जाते. आयरिश इंग्रजीत 'हिमसेल्फ' हा शब्द एकटाच कर्ता म्हणून येतो आणि घरचे यजमान किंवा साहेब असा अर्थ देतो. नाव न घेता नवऱ्याचा उल्लेख 'आमचे हे' असा करण्याच्या मराठी रीतीची येथे आठवण होते.

मराठी शब्दांचा इतिहासही समांतर आहे. 'आपण' हे संस्कृत 'आत्मन्'पासून प्राकृतमार्गे आले, तर 'स्वतः' हे मूळचे संस्कृत अव्यय आहे. त्याचे अविकारी रूप या मूळ स्वरूपाशी सुसंगत आहे.

## आत्मवाचक उपयोग

कर्ता व कर्म एकच असल्यास इंग्रजीत आत्मवाचक सर्वनाम अनिवार्य असते. 'शी सॉ हरसेल्फ इन द मिरर' म्हणजे तिने आरशात स्वतःला पाहिले. येथे केवळ 'हर' वापरल्यास तिने दुसऱ्याच एखाद्या स्त्रीला पाहिले असा अर्थ होतो. पर्याय म्हणून दोन्ही रूपे चालतील अशी ही जागा नाही.

आज्ञार्थी वाक्यात कर्ता उच्चारला जात नसला तरी तो 'यू' आहे असे गृहीत असते. म्हणून पाहुण्यास पदार्थ वाढून घ्यावयास सांगताना 'हेल्प युअरसेल्फ' म्हणतात. अनेक पाहुण्यांना उद्देशून हेच 'हेल्प युअरसेल्व्ज' होते.

आत्मवाचक सर्वनाम कर्त्याच्या जागी येऊ शकत नाही; 'हिमसेल्फ केम' हे वाक्य प्रमाण इंग्रजीत होत नाही. त्याचप्रमाणे या सर्वनामांना षष्ठीचे रूपही नाही. मराठीत 'आपला' किंवा 'स्वतःचा' असे सहज म्हणता येते, इंग्रजीत तेथे 'हिज' किंवा 'हिज ओन' अशी योजना करावी लागते. यामुळे मराठीत असलेला एक बारकावा इंग्रजीत नाहीसा होतो. 'रामने श्यामला आपल्या खोलीत पाठवले' या वाक्यात खोली रामची आहे, कारण 'आपला' हे कर्त्याकडे वळते. 'रामने श्यामला त्याच्या खोलीत पाठवले' म्हटल्यास ती श्यामची किंवा तिसऱ्याची ठरते. इंग्रजीत दोन्हीकडे 'हिज रूम' येईल आणि खोली कोणाची हे वाक्यावरून कळणार नाही. नेमकेपणा आवश्यक असेल तेथे मालकाचे नाव पुन्हा लिहिणे हाच सुरक्षित उपाय होय.

उलट, काही ठिकाणी इंग्रजी सर्वनामास मराठीपेक्षा अधिक मोकळीक आहे. ते कर्त्याप्रमाणेच कर्माकडेही निर्देश करू शकते. 'आय आस्क्ड सुनील अबाउट हिमसेल्फ' या वाक्यात विचारणारा 'मी' असून हिमसेल्फ सुनीलकडे वळते. 'मी सुनीलला स्वतःबद्दल विचारले' असे त्याचे शब्दशः मराठी केल्यास विचारणा माझ्याविषयी झाली असा समज होण्याचा संभव आहे.

## निर्देशाची मर्यादा

आत्मवाचक सर्वनाम ज्याच्याकडे निर्देश करते ते नाम सामान्यतः त्याच उपवाक्यात असावे लागते, हा इंग्रजीतील मध्यवर्ती नियम आहे. नोम चॉम्स्की यांनी १९८१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'लेक्चर्स ऑन गव्हर्नमेंट अँड बाइंडिंग' या ग्रंथात या नियमाची सैद्धांतिक मांडणी केली. आत्मवाचक सर्वनाम आपल्या मर्यादित क्षेत्रात बद्ध असते आणि साधे पुरुषवाचक सर्वनाम त्याच क्षेत्रात मुक्त असते, असे तिचे स्थूल स्वरूप आहे. म्हणजे एकाच उपवाक्यात 'हिमसेल्फ' आले की ते तेथीलच व्यक्ती दाखवते आणि 'हिम' आले की तेथील कर्त्याहून वेगळी व्यक्ती दाखवते.

मराठीतील 'आपण' या नियमाबाहेर आहे. पुढील वाक्य पाहावे : 'रमेशने सांगितले की सुरेशने आपल्याला मारले.' येथे मार खाणारा रमेश आहे. 'आपल्याला' हे गौण वाक्यातील कर्त्याला, म्हणजे सुरेशला, सोडून मुख्य वाक्यातील रमेशकडे जाते. शाळेत 'आपण म्हणजे सेल्फ' असे पाठ केलेला विद्यार्थी याचे इंग्रजी 'रमेश सेड दॅट सुरेश हॅड हिट हिमसेल्फ' असे करण्याचा धोका असतो. त्याचा अर्थ मात्र सुरेशने स्वतःलाच मारून घेतले असा होतो. मारहाणीच्या तक्रारीतून मारहाणच नाहीशी होते. योग्य वाक्य 'रमेश सेड दॅट सुरेश हॅड हिट हिम' हे आहे. त्यातही 'हिम' म्हणजे रमेश की आणखी कोणी तिसरा, ही शंका उरतेच. संदर्भाने तिचे निरसन होत नसेल तर नाव लिहावे लागते.

मराठी वाक्यही पूर्णपणे निःसंदिग्ध नाही. 'आपण' हे सर्वनाम श्रोत्यास सामावून घेणाऱ्या 'आम्ही'च्या अर्थानेही येते, तसेच आदरार्थी 'तुम्ही'च्या अर्थानेही येते. वरील वाक्यातील 'आपल्याला' म्हणजे 'तुम्हांआम्हांला' असाही अर्थ बोलण्याच्या ओघात संभवतो. एका मराठी शब्दाला इंग्रजीत 'हिम', 'अस' आणि 'यू' असे तीन पर्याय निघतात, आणि त्यांपैकी एकही सेल्फयुक्त नाही.

हा प्रश्न केवळ परीक्षेतील गुणांचा नाही. महाराष्ट्रातील कनिष्ठ न्यायालयांत मराठीचा वापर होतो, तर संविधानाच्या अनुच्छेद ३४८ नुसार उच्च न्यायालयाच्या कामकाजाची भाषा इंग्रजी आहे. मराठीत नोंदलेली साक्ष अपिलाच्या वेळी इंग्रजीत नेली जाते तेव्हा 'आपल्याला', 'आपल्या घरी', 'आपले पैसे' अशा प्रत्येक ठिकाणी निर्देश कोणाकडे आहे ते भाषांतरकारास ठरवावे लागते. 'आरोपी म्हणाला की फिर्यादीने आपले पैसे घेतले' या वाक्यातील पैसे आरोपीचे मानायचे की फिर्यादीचे, यावर विधानाचा सगळा भार असतो. इंग्रजी 'हिज मनी' तो भार वाचकावर ढकलून मोकळे होते.

मराठीतच 'स्वतः'चे वर्तन वेगळे आहे. 'रमेशने सांगितले की सुरेशने स्वतःला मारून घेतले' असे म्हटले तर मार खाणारा सुरेशच ठरतो. 'स्वतः' जवळच्या कर्त्याशी जोडले जाते आणि 'आपण' दूरच्या कर्त्यापर्यंत पोचू शकते, हा भेद भाषाशास्त्रज्ञ काशी वाली यांनी आपल्या संशोधनात मांडला आहे. दक्षिण आशियाई भाषांतील आत्मवाचकांवरील, त्यांच्या सहसंपादनाखाली २००० मध्ये निघालेल्या ग्रंथातही मराठीचा समावेश आहे. कर्माच्या जागी इंग्रजी सेल्फयुक्त सर्वनामाशी 'स्वतःला' बहुधा जुळते, 'आपल्याला' बहुधा जुळत नाही. हे एवढे सूत्र लक्षात ठेवले तरी बऱ्याच चुका टळतात.

धातुसाधितांच्या रचनेत कर्ता अध्याहृत असतो, आणि सर्वनाम त्या अध्याहृत कर्त्याशी जुळते. 'सीमा आस्क्ड राजू टू लुक आफ्टर हिमसेल्फ' यात काळजी घेणारा राजू आहे, म्हणून हिमसेल्फ. 'सीमा प्रॉमिस्ड राजू टू लुक आफ्टर हरसेल्फ' यात मात्र वचन देणारी आणि काळजी घेणारी सीमाच आहे, म्हणून हरसेल्फ. दोन वाक्यांत फरक आहे तो केवळ क्रियापदाचा.

## शब्दयोगी अव्ययांनंतर

क्रियापदाला किंवा विशेषणाला ठरावीक शब्दयोगी अव्यय लागत असेल, तर त्यानंतर आत्मवाचक रूप आवश्यक असते. 'शी टॉक्स टू हरसेल्फ' म्हणजे ती स्वतःशीच बोलते. 'ही इज प्राउड ऑफ हिमसेल्फ' म्हणजे त्याला स्वतःचा अभिमान वाटतो.

स्थान दाखवणाऱ्या अव्ययांनंतर मात्र साधे सर्वनाम येते. 'त्याने स्वतःच्या मागे पाहिले' याचे इंग्रजी 'ही लुक्ड बिहाइंड हिम' असे आहे. छत्री, पैसे, ओळखपत्र यांसारखी वस्तू बरोबर नेली तर 'विथ हिम' म्हणतात, 'विथ हिमसेल्फ' नव्हे. मराठीत 'स्वतःजवळ', 'आपल्याबरोबर' असे म्हणण्याची सवय असल्याने येथे विनाकारण सेल्फ जोडला जातो. पांघरूण अंगाभोवती गुंडाळण्यासारख्या काही प्रसंगी 'अराउंड हर' आणि 'अराउंड हरसेल्फ' ही दोन्ही रूपे चालतात.

'बिसाइड' या अव्ययाच्या बाबतीत हा फरक अर्थाला भिडतो. 'शी पुट द बॅग बिसाइड हर' म्हणजे तिने पिशवी आपल्या शेजारी ठेवली. 'बिसाइड हरसेल्फ' हा मात्र वाक्प्रचार असून त्याचा अर्थ रागाने, दुःखाने किंवा आनंदाने भान हरपलेली असा होतो.

## क्रियापदांचे वर्ग

काही इंग्रजी क्रियापदे आत्मवाचक कर्माशिवाय त्या विशिष्ट अर्थाने येतच नाहीत. अभिमान बाळगणे या अर्थाचे 'प्राइड', खोटी शपथ घेणे या अर्थाचे 'पर्जर', गैरहजर राहणे या अर्थाचे 'ॲबसेंट' आणि मर्जी संपादन करणे या अर्थाचे 'इन्ग्रेशिएट' ही त्यांपैकी काही होत. सवलतीचा लाभ घेणे या अर्थी प्रमाण इंग्रजीत 'अव्हेल वनसेल्फ ऑफ' अशी रचना आहे. भारतीय इंग्रजीत तिच्यातील आत्मवाचक सर्वनाम सर्रास गाळले जाते, आणि जाहिरातींत तर 'ऑफ'ही उरत नाही.

'एन्जॉय' या क्रियापदाला पारंपरिक प्रयोगात कर्म लागते. सहलीत मजा आली हे सांगताना 'वी एन्जॉय्ड अवरसेल्व्ज' किंवा 'वी एन्जॉय्ड द ट्रिप' म्हणावे लागते. नुसते 'वी एन्जॉय्ड अ लॉट' हे भारतीय इंग्रजीचे लक्षण मानले जाते. जेवण वाढताना म्हटले जाणारे एकट्या शब्दाचे 'एन्जॉय' मात्र आता इतरत्रही रुळले आहे.

दुसऱ्या टोकाला, ज्यांत क्रिया स्वतःवरच घडते हे गृहीत धरलेले असते अशी क्रियापदे आहेत. 'शेव्ह', 'वॉश', 'ड्रेस' यांना आत्मवाचक कर्म सहसा जोडत नाहीत. जोडलेच तर एरवी दुसऱ्याच्या मदतीने होणारे काम व्यक्तीने स्वतः केले, असा अर्थ सूचित होतो. लहान मुलगी आता स्वतःचे कपडे स्वतः घालते, हे सांगताना 'शी ड्रेसेस हरसेल्फ' शोभते. 'कॉन्सन्ट्रेट', 'रिलॅक्स', 'हरी' यांसही सामान्यतः सेल्फची गरज नसते. लक्ष केंद्रित करणे हे मराठीत सकर्मक असल्याने 'कॉन्सन्ट्रेट युअरसेल्फ' असे लिहिण्याचा मोह होतो, तो टाळावा.

इजा होण्याच्या बाबतीत मराठीची दृष्टीच निराळी आहे. 'मला लागले', 'तिला भाजले' या वाक्यांत इजा झालेली व्यक्ती चतुर्थीच्या रूपात येते आणि इजा जणू आपली आपण घडते. इंग्रजीत तीच व्यक्ती कर्ता होते : 'आय हर्ट मायसेल्फ', 'शी बर्न्ट हरसेल्फ'. यात हेतू अभिप्रेत नसतो. 'ही कट हिमसेल्फ' याचे भाषांतर संदर्भ न पाहता 'त्याने स्वतःला कापून घेतले' असे केल्यास अपघाताला आत्मघाताचे रूप येते. दाढी करताना झालेल्या जखमेसाठी 'त्याला कापले' एवढेच पुरेसे आहे.

मराठीत क्रिया स्वतःच्या हितासाठी केली हे 'घेणे' या सहायक क्रियापदाने दाखवले जाते : जेवून घेणे, लिहून घेणे, समजून घेणे. इंग्रजीत त्याला एकच प्रतिरूप नाही. 'तिने चहा करून घेतला' यासाठी 'शी मेड हरसेल्फ सम टी' अशी रचना चालते, पण 'समजून घेणे' यासाठी सेल्फची काहीच आवश्यकता नसते.

## परस्परवाचकांशी तुलना

'दे ब्लेम्ड देमसेल्व्ज' म्हणजे प्रत्येकाने स्वतःला दोष दिला. 'दे ब्लेम्ड ईच अदर' म्हणजे त्यांनी एकमेकांना दोष दिला. मराठीत 'स्वतःला' आणि 'एकमेकांना' यांत गोंधळ होत नसल्याने हा भेद समजण्यास अवघड नाही. अडचण येते ती 'आपापला' या शब्दापाशी. 'मुले आपापल्या घरी गेली' यातील वाटणीचा भाव दाखवणारे एकशब्दी सर्वनाम इंग्रजीत नाही. तो 'देअर ओन' किंवा 'देअर रिस्पेक्टिव्ह' अशा शब्दांनी सांगावा लागतो.

## दृढतावाचक उपयोग

हेच सर्वनाम एखाद्या नामास जोर देण्यासाठी आले असेल, तर ते वाक्यातून काढल्यावरही वाक्य पूर्ण राहते. 'द मिनिस्टर हिमसेल्फ ओपन्ड द ब्रिज' या वाक्यातून हिमसेल्फ वगळले तरी मंत्र्यांनी पुलाचे उद्घाटन केले हा अर्थ कायम राहतो. 'शी सॉ हरसेल्फ' यातून हरसेल्फ वगळल्यास मात्र वाक्य अपुरे वाटते. दोन उपयोग ओळखण्याची ही सोपी कसोटी आहे.

दृढतावाचक सर्वनाम नामाला लागून किंवा वाक्याच्या शेवटी येते. नामाला लागून आल्यास 'खुद्द मंत्र्यांनी' असा भाव असतो. शेवटी आल्यास 'जातीने', 'स्वतःच्या हाताने' किंवा 'कोणाच्या मदतीविना' अशी छटा येऊ शकते. मराठीत या छटांसाठी निरनिराळे शब्द आहेत, इंग्रजीत स्थानानेच बरेचसे काम भागते.

'बाय' हे अव्यय जोडल्यावर 'एकट्याने' किंवा 'मदतीविना' असा अर्थ होतो. 'ही लिव्ज बाय हिमसेल्फ' म्हणजे तो एकटा राहतो. निर्जीव वस्तूंच्या बाबतीत 'बाय इटसेल्फ' हे 'आपोआप'चे काम करते, जसे दार आपोआप उघडणे. 'स्वतःहून' या शब्दाचा अर्थ मात्र याहून वेगळा आहे. 'तो स्वतःहून पोलिसांकडे गेला' म्हणजे कोणी न सांगता, स्वेच्छेने गेला. त्यासाठी 'ऑफ हिज ओन अकॉर्ड' हा वाक्प्रयोग योग्य होय. 'बाय हिमसेल्फ' लिहिल्यास तो सोबतीशिवाय गेला, एवढेच कळेल.

## 'मायसेल्फ'विषयीचा वाद

'रवी अँड मायसेल्फ विल अटेंड', 'प्लीज कॉन्टॅक्ट मायसेल्फ' अशी वाक्ये इंग्रजी मातृभाषा असणाऱ्यांच्या लेखनातही आढळतात. 'आय' की 'मी' हा पेच टाळण्यासाठी, किंवा अधिक औपचारिक वाटावे म्हणून मायसेल्फचा आश्रय घेतला जातो, असे त्याचे स्पष्टीकरण दिले जाते. अनेक शैलीमार्गदर्शक यास दोष मानतात. मात्र मेरियम-वेब्स्टरच्या १९८९ सालच्या वापरकोशाने प्रतिष्ठित लेखकांच्या लेखनातील असे जुने प्रयोगही नोंदवले आहेत. हडलस्टन व पुलम यांच्या २००२ मधील केंब्रिज व्याकरणातही, जवळ संबंधित नाम नसताना येणाऱ्या अशा सर्वनामांची स्वतंत्र वर्ग म्हणून दखल घेतली आहे. 'लाइक मायसेल्फ', 'ॲज फॉर मायसेल्फ' या रचना तर सर्वमान्यच आहेत. परीक्षा, अर्ज व कार्यालयीन पत्रव्यवहार यांत मात्र 'आय' किंवा 'मी' वापरणे श्रेयस्कर. दुसरे नाव वाक्यातून क्षणभर वगळून पाहिले की कोणते रूप हवे ते लगेच कळते.

मुलाखतीत स्वतःची ओळख करून देताना 'मायसेल्फ सुरेश' असे म्हणण्याची पद्धत भारतात सर्वत्र ऐकू येते. येथे क्रियापद नाही आणि कर्त्याच्या जागी आत्मवाचक सर्वनाम आले आहे, म्हणून प्रमाण इंग्रजीत ही रचना बसत नाही. 'आय ॲम सुरेश' किंवा 'माय नेम इज सुरेश' ही रूपे सरळ व पुरेशी आहेत. तिच्यामुळे अर्थहानी होत नाही हे खरे. तरीही मुलाखतीच्या पहिल्याच वाक्यात ती येत असल्याने उमेदवाराविषयीचे मत तिच्यावरून बनण्याचा धोका असतो.

## भारतीय इंग्रजीतील 'इटसेल्फ'

मराठीतील 'च' या अव्ययाचा भार भारतीय इंग्रजीत 'ओन्ली' आणि 'इटसेल्फ' या शब्दांवर पडला आहे. 'आजच' यासाठी 'टुडे इटसेल्फ', 'इथेच' यासाठी 'हिअर इटसेल्फ' असे म्हटले जाते. हिंदीतील 'ही' आणि इतर भारतीय भाषांतील तत्सम शब्द हेच कार्य करीत असल्याने हा प्रयोग देशभर समजतो. प्रमाण इंग्रजीत 'इटसेल्फ' नामाला जोडून येते, जसे 'द हाउस इटसेल्फ', म्हणजे खुद्द ते घर. काळ किंवा स्थळ दाखवणाऱ्या क्रियाविशेषणांना ते सहसा लागत नाही. तेथे 'राइट हिअर', 'धिस व्हेरी डे' अशी योजना असते, किंवा केवळ बोलण्यातील आघाताने काम भागते.

'सेल्फ' हा शब्द भारतीय व्यवहारात सुटाही वावरतो. स्वतःच्या खात्यातून रोख रक्कम काढण्यासाठी धनादेशावर नावाच्या जागी 'सेल्फ' लिहिण्याची पद्धत बँकांत रूढ असून, अशा धनादेशास बोलताना 'सेल्फचा चेक' म्हणतात.

## एकवचनी 'दे' आणि 'देमसेल्फ'

लिंग अज्ञात किंवा अनिश्चित असलेल्या व्यक्तीसाठी इंग्रजीत पूर्वी 'हिमसेल्फ' वापरले जाई. पुढे 'हिमसेल्फ ऑर हरसेल्फ' अशी जोडरचना आली, परंतु ती लांबलचक असल्याने टाळली जाऊ लागली. 'एव्हरीवन', 'समवन' अशा शब्दांसोबत आता 'देमसेल्व्ज' सामान्यपणे स्वीकारले जाते. व्यक्ती एकच असताना 'सेल्व्ज' हे अनेकवचनी रूप खटकते, म्हणून 'देमसेल्फ' हे रूपही वापरात आहे. ते नवे वाटत असले तरी मध्ययुगीन इंग्रजीत आढळते. अमेरिकन मानसशास्त्रीय संघटनेच्या शैलीपुस्तिकेच्या २०१९ च्या सातव्या आवृत्तीने एकवचनी 'दे'च्या वापरास मान्यता दिली. त्याच वर्षी मेरियम-वेब्स्टरने 'दे' हा वर्षाचा शब्द म्हणून निवडला. शालेय परीक्षांपुरते पाहता 'देमसेल्व्ज' हे अधिक परिचित रूप आहे. व्यक्तीचे लिंग वाक्यावरून स्पष्ट असेल, जसे 'ईच ऑफ द गर्ल्स', तेथे 'हरसेल्फ' हेच योजले जाते.